संघाच्या दाराआड दडपलेला अन्याय: मोटार शर्यतींच्या नियामकांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि जागतिक मोटारक्रीडा परिषदेचे सर्व सदस्य, एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ),
तसेच फॉर्म्युला वनमधील सर्व संघप्रमुख

विषय: एकाच संघातील दोन चालकांमधील तंटे, संघांचे अलिखित करार आणि अन्याय झालेल्या चालकाचा तक्रारीचा हक्क

महोदय,

२०२५ चे जगज्जेतेपद लँडो नॉरिसने ४२३ गुणांसह जिंकले आणि मॅक्स व्हर्स्टापेनला ४२१ गुणांवर थांबावे लागले. त्याच हंगामात ७ सप्टेंबरला मोन्झा येथे नॉरिसच्याच मॅक्लारेन संघाने आपला दुसरा चालक ऑस्कर पियास्त्री याला दुसरे स्थान नॉरिसला परत करायला सांगितले, त्याने ते केले, आणि नॉरिसच्या खात्यात १५ ऐवजी १८ गुण जमा झाले. ते तीन गुण वजा केले तर ४२० उरतात. या वजाबाकीच्या जोरावर नॉरिसचे विजेतेपद खोटे ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही, कारण चोवीस शर्यतींच्या हंगामातली एक घटना बदलली असती तर पुढचे सगळे जसेच्या तसे घडले असते असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु जगज्जेता कोण हे ठरवण्याइतके वजन ज्या आदेशाला आले, तो आदेश ज्या समजुतीवर उभा होता ती समजूत पंचांकडे नोंदवलेली नव्हती, प्रेक्षकांना ठाऊक नव्हती, आणि ज्याच्यावर ती बंधनकारक होती त्या चालकालाही ती नीट कळलेली नव्हती. नॉरिसची गाडी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर, अडकली म्हणून पियास्त्री पुढे गेला होता, आणि पिटमधला विलंब हा शर्यतीचाच भाग असे आपले ठरले असताना आता काय बदलले, असे त्याने रेडिओवर विचारलेही. तरीही त्याने आदेश पाळला. या सर्व प्रकारात आपण, म्हणजे खेळाचे नियामक, कोठेच नव्हता. हे पत्र त्या गैरहजेरीबद्दल आहे.

मी मुलांना कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, शिकवते. माझ्याकडे येणारी आठ-दहा वर्षांची मुले हेल्मेटचा पट्टा बांधायला शिकण्याआधीच दूरदर्शन संचावरच्या शर्यतींतून पुष्कळ काही शिकून आलेली असतात. प्रतिस्पर्ध्याशी कसे वागावे हे त्यांना समजावणे सोपे असते, कारण त्यासाठी नियम आहे, झेंडा आहे, शिक्षा आहे. आपल्याच संघातल्या जोडीदाराने शब्द मोडला तर काय करायचे, असे एखाद्या मुलाने विचारले की मात्र माझी पंचाईत होते. आपल्या नियमपुस्तकात त्याचे उत्तर नाही आणि माझ्या मनाने मी ते देऊ शकत नाही.

जोडीदारांमध्ये चुरस असू नये असे मी म्हणत नाही. उलट, या खेळात एका चालकाची खरी परीक्षा दुसरा फक्त एकच चालक घेऊ शकतो, आणि तो म्हणजे त्याच संघातला दुसरा. इतरांकडून हरल्यास गाडीला दोष देता येतो; जोडीदाराकडून हरल्यावर ती पळवाट उरत नाही. संघाचे गणित मात्र वेगळे असते. संघांच्या गुणतक्त्यात दोन्ही गाड्यांचे गुण एकत्र मोजले जातात आणि बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्या तक्त्यावर अवलंबून असतो. चालकाला जो सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी वाटतो, तोच संघाच्या हिशेबात भागीदार असतो. अशा रचनेत ठिणग्या उडणारच, आणि उडणारी प्रत्येक ठिणगी अखिलाडूपणाची असते असेही नाही. २०१६ च्या शेवटच्या शर्यतीत, अबू धाबीला, आघाडीवरच्या मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनने संघाच्या सूचना धुडकावून मुद्दाम संथ गाडी चालवली, जेणेकरून मागच्या गाड्यांनी त्याचा जोडीदार निको रोसबर्ग याला गाठावे. त्यावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. मला त्यात गैर दिसत नाही. पुढे असलेल्याने किती वेगाने जायचे हा त्याचा प्रश्न आहे. त्याने कोणाला धडक दिली नव्हती, कोणाला दिलेला शब्द मोडून जागा बळकावली नव्हती, आणि पाच गुणांनी विजेतेपद मिळाले ते अखेर रोसबर्गलाच. माझी तक्रार कठोर शर्यतीविषयी नसून फसवणुकीविषयी, आणि त्याहून जास्त फसवणुकीनंतरच्या मौनाविषयी आहे.

पहिली तक्रार आपल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेबद्दल आहे, आणि माझ्या मते बाकीच्या सर्व तक्रारींचे मूळ तिथेच आहे. या संहितेनुसार रीतसर निषेध नोंदवण्याचा अधिकार फक्त ‘स्पर्धका’ला आहे आणि फॉर्म्युला वनमध्ये स्पर्धक म्हणजे संघ, चालक नव्हे. दुसऱ्या संघाच्या चालकाने अन्याय केला तर आपला संघ आपल्या बाजूने पंचांकडे जातो. जोडीदारानेच केला तर कोण जाणार? संघाने आपल्याच दुसऱ्या गाडीविरुद्ध दाद मागावी आणि स्वतःचेच गुण घालवावेत अशी अपेक्षा कोणी शहाणा माणूस करणार नाही. त्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार येतो. कार्टिंगमध्ये हे मी अगदी जवळून पाहिले आहे. एका स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्याच संघातल्या मुलाने वळणावर मागून ढकलून बाहेर काढले. तिच्या पालकांना निषेध नोंदवायचा होता, परंतु दोन्ही कार्ट एकाच संघमालकाच्या नावावर नोंदवलेल्या होत्या आणि त्याने सहीच केली नाही. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, आणि माझे दुखणे नेमके तेच आहे.

पंचांना स्वतःहून चौकशी करता येते, असे आपण म्हणाल. ते खरे आहे. २००७ मध्ये हंगेरीत, शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत, हॅमिल्टनचा तेव्हाचा मॅक्लारेनमधला जोडीदार फर्नांडो अलोन्सो पिटमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ थांबून राहिला, मागे ताटकळलेल्या हॅमिल्टनला शेवटची फेरी मारण्यापुरता वेळच उरला नाही, आणि तेव्हा पंचांनी चौकशी करून अलोन्सोला पाच स्थाने मागे ढकलले व त्या शर्यतीतले संघाचे गुण मॅक्लारेनला नाकारले. या भांडणाची सुरुवात हॅमिल्टनने केली होती, कारण त्याच फेरीत आधी अलोन्सोला पुढे जाऊ देण्याचे ठरलेले असूनही त्याने तसे केले नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे. मनात आणले तर पंच संघाच्या उंबरठ्याच्या आत येऊ शकतात, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. मात्र हे पंचांच्या मर्जीवर आहे, चालकाच्या हक्कावर नाही. २०१४ मध्ये मोनॅकोला पात्रता फेरीच्या अखेरीस रोसबर्ग मिराबो वळणावर सरळ पुढे गेला, वेग कमी करायला लावणारे पिवळे झेंडे फडकले आणि मागून येणाऱ्या हॅमिल्टनची फेरी वाया गेली. पंचांनी चित्रफिती आणि गाडीची आकडेवारी तपासून रोसबर्गला निर्दोष ठरवले. तो निकाल चुकीचा होता असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण त्या खोलीत हॅमिल्टनची बाजू मांडायला कोण होते? त्याचा संघ रोसबर्गचाही संघ होता.

दुसरी तक्रार अलिखित करारांची. या बाबतीत इमोलाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २५ एप्रिल १९८२ रोजी तिथे फेरारीच्या दोन गाड्या पुढे होत्या, जिल व्हिलनव्ह पहिला आणि दिदिए पिरोनी दुसरा. पिटमधून ‘स्लो’ अशी पाटी दाखवण्यात आली. व्हिलनव्हने तिचा अर्थ ‘आहात त्या क्रमाने घरी या’ असा घेतला. पिरोनीने पुढे जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा हा प्रेक्षकांसाठी चाललेला खेळ आहे असे व्हिलनव्हला वाटले, आणि शेवटच्या फेरीत पिरोनी तोसा वळणापाशी पुढे जाऊन जिंकला. पिरोनीचे म्हणणे असे की क्रम पाळायचा आदेश नव्हताच. व्हिलनव्हने त्याच्याशी बोलणे कायमचे तोडले. ८ मे रोजी झोल्डर येथे, पात्रता फेरीची शेवटची काही मिनिटे उरलेली असताना आणि पिरोनीची वेळ आपल्यापेक्षा किंचित सरस असताना, व्हिलनव्हची गाडी योखेन मासच्या संथ गाडीवर आदळली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. इमोलातील राग आणि झोल्डरमधला अपघात यांचा कार्यकारणसंबंध कोणी सिद्ध करू शकत नाही आणि मीही तो लावणार नाही. मात्र एवढे निश्चित, की चार दशके उलटल्यावरही त्या पाटीचा अर्थ काय होता यावर जाणकार वाद घालत आहेत, कारण शर्यतीपूर्वी काय ठरले होते याचा लेखी पुरावा कोणाकडेच नाही. ज्या व्हिलनव्हने १९७९ मध्ये मोन्झाला जोडीदार जोडी शेक्टरच्या मागे दुसरा राहून त्याला जगज्जेता होऊ दिले होते, त्याच्याच बाबतीत हे घडावे, याचे मला आजही वाईट वाटते.

इमोलानेच सात वर्षांनी असा आणखी एक तंटा पाहिला. १९८९ मध्ये मॅक्लारेनच्या आयर्टन सेना आणि अलँ प्रोस्त यांच्यात असे ठरले होते की सुरुवातीला जो पुढे निघेल त्याच्यावर दुसऱ्याने पहिल्या वळणावर हल्ला करायचा नाही. गेरहार्ड बर्गरच्या अपघातामुळे शर्यत थांबून पुन्हा सुरू झाली, प्रोस्त पुढे निघाला आणि तोसा वळणापर्यंत सेनाने त्याला मागे टाकले. करार पुन्हा सुरू झालेल्या शर्यतीला लागू होता की नाही? पहिले वळण नेमके कोणते धरायचे? याची उत्तरे दोघांनी आपापल्या सोयीने दिली, आणि त्यांच्यातल्या चुरशीचा कळस सुझुकाच्या शिकेनमध्ये, म्हणजे अरुंद नागमोडी वळणावर, दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून झाला.

२४ मार्च २०१३ रोजी सेपांगला तर आदेश संदिग्धही नव्हता. ‘मल्टी २१’ म्हणजे दोन क्रमांकाची गाडी पुढे आणि एक क्रमांकाची मागे. रेड बुल संघाच्या मार्क वेबरने पहिले आणि सेबॅस्टियन व्हेटेलने दुसरे राहायचे होते. वेबरने आदेशावर विसंबून इंजिनाचा जोर कमी केला आणि व्हेटेलने त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. त्याने त्या दिवशी माफी मागितली, आणि काही आठवड्यांतच चीनमध्ये, पुन्हा तशी वेळ आली तर बहुधा तेच करीन असेही सांगितले. विजय त्याच्याकडेच राहिला. त्याच शर्यतीत मर्सिडीजने रोसबर्गला हॅमिल्टनच्या मागे राहायला सांगितले, तो राहिला, चौथा आला, आणि त्याच्या जागी पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या व्यासपीठावर, उभ्या असलेल्या हॅमिल्टनने ही जागा रोसबर्गची होती अशी कबुली दिली. एकाच दुपारी शब्द पाळणाऱ्याचे तीन गुण गेले आणि मोडणाऱ्याला सात जास्तीचे मिळाले. मुलांनी यातून काय बोध घ्यावा, हे मला आपणच सांगावे.

२०२२ मध्ये साओ पावलोला व्हर्स्टापेनने सहावे स्थान रेड बुलमधला जोडीदार सर्जिओ पेरेझ याला परत द्यायला नकार दिला आणि माझी कारणे मी आधीच सांगितली आहेत असे रेडिओवर ऐकवले. ती कारणे त्याच्या तोंडून जगाने ऐकली नाहीत. पेरेझचे हंगामातले दुसरे स्थान पुढे तीन गुणांनी हुकले; सहाव्या स्थानाचे दोन जास्तीचे गुण मिळूनही ते त्याला लाभले नसते, परंतु ब्राझीलमध्ये नकार देताना हे कोणालाच माहीत नव्हते.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगण्यासारखी आहे. संघ आपल्या चालकांना गुप्त शिक्षा करतात. २०१४ मध्ये स्पाला दुसऱ्याच फेरीत रोसबर्गच्या पुढच्या पंखाने हॅमिल्टनचे मागचे टायर फाडले. पंचांनी कारवाई केली नाही, मर्सिडीजने मात्र योग्य ती शिस्तभंगाची कारवाई केल्याचे जाहीर केले आणि ती कोणती हे सांगितले नाही. रोसबर्गचे दुसऱ्या स्थानाचे १८ गुण कायम राहिले. २०२५ मध्ये सिंगापूरला पहिल्या फेरीत नॉरिस पियास्त्रीवर घसटला, तेव्हाही पंचांकडून शिक्षा झाली नाही. नंतर संघाने नॉरिसला जबाबदार धरून काही परिणाम भोगायला लावल्याचे कळले, आणि ऑस्टिनच्या स्प्रिंट (छोट्या) शर्यतीत दोघांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्यावर ते परिणाम रद्द झाल्याचेही कळले. जगज्जेतेपदाच्या ऐन लढतीत एका दावेदारावर काहीतरी बंधन होते आणि मग ते नव्हते, एवढेच आम्हाला समजले. याउलट त्याच वर्षी कॅनडात नॉरिसने पियास्त्रीच्या गाडीला मागून धडक दिली, ताबडतोब चूक कबूल केली आणि पंचांनी त्याला उघडपणे पाच सेकंदांची शिक्षा दिली. कोणाचाही आक्षेप राहिला नाही. उघड न्यायाचा हाच फायदा असतो.

चौथी तक्रार आपल्या स्वतःच्या इतिहासाची आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रियात रुबेन्स बारिचेलोने अंतिम रेषेपाशी फेरारीतला जोडीदार मायकेल शूमाकर याला पुढे जाऊ दिले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि आपण फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड केला, त्यातला निम्मा स्थगित ठेवून. तो दंड मुळात पोडियमवर जागांची अदलाबदल केल्याबद्दल होता. शर्यतीत जे घडले त्याविरुद्ध नियमच नव्हता. मग आपण २००३ पासून संघादेशांवर बंदी घातली. परिणाम असा झाला की आदेश थांबले नाहीत, त्यांना फक्त मुखवटा चढला. २०१० मध्ये हॉकेनहाइमला फेलिपे मासाला, त्याच्या जिवावर बेतलेल्या अपघाताला बरोबर एक वर्ष पूर्ण होत असताना, ‘फर्नांडो (फेरारीतला जोडीदार अलोन्सो) तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ एवढेच सांगितले गेले आणि त्याने वाट सोडली. एक लाख डॉलरचा दंड झाला, निकाल तसाच राहिला आणि २०११ पासून आपण बंदीच उठवून टाकली. बंदी उठवणे योग्य होते, कारण न पाळता येणारा नियम खोटे बोलायला शिकवतो. पण बंदी उठवताना तिच्या जागी आपण काहीही ठेवले नाही. मैदान संघांना मोकळे करून दिले आणि आपण निघून गेलात.

संघप्रमुखांना उद्देशून मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. २००८ मध्ये सिंगापूरला नेल्सन पिके ज्युनियरने जोडीदार अलोन्सोच्या फायद्यासाठी मुद्दाम भिंतीवर गाडी आदळली, आणि ही गोष्ट जगासमोर आली ती पुढच्या वर्षी त्याला संघातून काढल्यानंतर, तेही एफआयएकडून अभय मिळाल्यावर. जोपर्यंत चालक संघात असतो तोपर्यंत तो बोलत नाही, हे आपण सर्वजण जाणता आणि त्यावरच आपला कारभार चालतो. हे घरातले प्रकरण आहे, आम्ही घरातच मिटवू, असे आपण प्रत्येक वेळी सांगता. गाड्या आपल्या आहेत, पगार आपण देता, हे मान्य. परंतु जगज्जेतेपद आपल्या मालकीचे नाही.

यास्तव माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेत दुरुस्ती करून, आपल्या जोडीदाराच्या किंवा आपल्याच संघाच्या कृतीने नुकसान झालेल्या चालकाला स्वतःच्या सहीने निषेध नोंदवण्याचा आणि सुनावणीत स्वतंत्र प्रतिनिधी आणण्याचा अधिकार द्यावा. हा अधिकार कार्टिंगपासून फॉर्म्युला वनपर्यंत सर्व स्तरांवर लागू असावा. अल्पवयीन चालकाच्या वतीने पालकांची सही ग्राह्य धरावी.

दोन, शर्यतीतल्या अंतिम स्थानांचा क्रम बदलू शकेल असा कोणताही करार दोन चालकांमध्ये झालेला असल्यास तो शर्यतीपूर्वी मोहोरबंद स्वरूपात पंचांकडे जमा करावा आणि शर्यत संपल्यावर प्रसिद्ध करावा. डावपेच उघडे पडतील ही सबब इथे चालणार नाही, कारण पाकीट उघडेपर्यंत शर्यत संपलेली असेल. सर्व परिस्थिती आधी कल्पता येत नाही हे मला मान्य आहे; म्हणून शर्यतीदरम्यान नवा आदेश दिल्यास तो सांकेतिक शब्दांत न देता स्पष्ट भाषेत द्यावा आणि त्याचे कारण संघाने त्याच दिवशी पंचांना लेखी कळवावे.

तीन, जमा केलेला करार चालकाने मोडल्यास त्याने त्यातून मिळवलेले जास्तीचे गुण त्याच्या खात्यातून काढून नुकसान झालेल्या चालकाला द्यावेत. संघाच्या एकूण गुणांना हात लावू नये, म्हणजे तक्रार दाबण्यात संघाचा स्वार्थ उरणार नाही.

चार, एकाच संघाच्या दोन गाड्यांची टक्कर झाली तर शिक्षा होवो वा न होवो, पंचांनी आपल्या निर्णयाची कारणे प्रत्येक वेळी लेखी द्यावीत.

पाच, चालू हंगामात एखाद्या चालकाच्या स्पर्धेतील संधीवर परिणाम करणारी शिक्षा संघाने दिली असल्यास ती काय आहे आणि किती काळ आहे हे जाहीर करणे सक्तीचे असावे. पगारातली कपात वा खाजगी कानउघाडणी यांच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

सहा, आणि ही मागणी विशेषकरून संघप्रमुखांकडे आहे, चालकाला पंचांसमोर खरे बोलण्यापासून रोखणारे कोणतेही कलम त्याच्या करारपत्रात असू नये, असल्यास ते रद्द समजले जाईल असे आपण लेखी जाहीर करावे.

जागतिक मोटारक्रीडा परिषदेने आपल्या पुढील बैठकीत या मागण्या विचारात घ्याव्यात, आणि ज्या फेटाळल्या जातील त्यांची कारणे सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करावीत, अशी विनंती आहे.

आपली,
एक कार्टिंग प्रशिक्षिका